वॉल्टर क्रॉन्काइट : खातरजमा करणारा वृत्तनिवेदक आणि त्याच्याभोवती साचलेल्या दंतकथा

१/
२२ नोव्हेंबर १९६३, शुक्रवार. न्यूयॉर्कमध्ये दुपारचे १.४० वाजले होते. सीबीएस वाहिनीवर ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ ही रोजची कौटुंबिक मालिका चालू होती. मध्येच दृश्य नाहीसे झाले आणि पडद्यावर बातमीची पाटी झळकली. मागून फक्त आवाज ऐकू येत होता : डलासमध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या ताफ्यावर तीन गोळ्या झाडण्यात आल्या असून पहिल्या वृत्तानुसार अध्यक्ष गंभीर जखमी आहेत.

२/
तो आवाज वॉल्टर क्रॉन्काइट यांचा होता. चेहरा दिसला नाही, याचे कारण अगदी साधे. त्या काळातील कॅमेऱ्यातील नळ्या तापून चित्र स्थिर व्हायला बराच वेळ लागे आणि त्या घडीला वृत्तकक्षातील एकही कॅमेरा तापलेला नव्हता. चित्राची वाट पाहत बसण्याऐवजी क्रॉन्काइट यांनी ध्वनिकक्षातून केवळ आवाजावर बातमी दिली. सुमारे २० मिनिटांनी ते सदऱ्यात आणि टायमध्ये, कोट न घालताच, पडद्यावर आले.

३/
पुढच्या अर्ध्या-पाऊण तासाचे चित्रीकरण आजही उपलब्ध आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने ते एकदा तरी पाहावे. केनेडी मरण पावल्याच्या वार्ता एकामागून एक येत होत्या. डलासच्या स्थानिक वार्ताहराला रुग्णालयातील डॉक्टरकडून तसे कळले होते. सीबीएसचेच वार्ताहर डॅन रादर तेच सांगत होते. अंतिम संस्कारांसाठी गेलेल्या धर्मगुरूंनीही तसे म्हटल्याचे वृत्त होते. खुद्द सीबीएसच्या रेडिओने तर निधनाची बातमी देऊनही टाकली होती.

४/
क्रॉन्काइट यांनी यातील काहीही दडवले नाही. आलेली प्रत्येक वार्ता त्यांनी सांगितली, ती कोणाकडून आली हेही सांगितले आणि अद्याप अधिकृत दुजोरा नाही, हे वाक्य प्रत्येक वेळी जोडले. २.३८ वाजता वृत्तसंस्थेचा कागद त्यांच्या हाती आला. तेव्हाही त्यांनी ही बातमी ‘अधिकृत असावी असे दिसते’ असे म्हटले आणि मगच सांगितले : अध्यक्ष केनेडी यांचे डलासच्या घड्याळानुसार १ वाजता, न्यूयॉर्कच्या घड्याळानुसार २ वाजता, म्हणजे ३८ मिनिटांपूर्वी निधन झाले आहे.

५/
चष्मा काढणे, घड्याळाकडे टाकलेली नजर, दाटलेला कंठ हे सर्वांच्या लक्षात राहिले. त्या वाक्यातील ‘असावी असे दिसते’ हे शब्द मात्र फार थोड्यांना आठवतात. क्रॉन्काइट यांची उभी कारकीर्द या शब्दांत सामावली आहे. आणि इतिहासाचा विनोद असा, की आयुष्यभर दुजोऱ्याची वाट पाहणाऱ्या या माणसाविषयी सर्वाधिक सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींना दुजोराच नाही. हा थ्रेड त्यांच्या जीवनाचा आणि त्या गोष्टींचाही.

६/
जन्म ४ नोव्हेंबर १९१६, मिसुरी राज्यातील सेंट जोसेफ. वडील दंतवैद्य. बालपणीच कुटुंब टेक्सासमधील ह्यूस्टनला गेले. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात प्रवेश घेतला, पण वृत्तपत्रांच्या कामात जीव रमल्याने १९३५ मध्ये पदवी न घेताच त्यांनी शिक्षण सोडले. काळ महामंदीचा होता आणि नोकरी मिळणे हीच मोठी गोष्ट होती. लवकरच कॅन्सस सिटीतील एका रेडिओ केंद्रावर ‘वॉल्टर विलकॉक्स’ या टोपणनावाने ते बातम्या व खेळांचे समालोचन करू लागले.

७/
या केंद्रावरचा एक प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात सांगितला आहे. नगरपालिकेच्या इमारतीला आग लागून तीन अग्निशामक जवान उड्या मारून मेल्याचे व्यवस्थापकाच्या कानावर आले. लगेच बातमी दे, असा हुकूम सुटला. तरुण क्रॉन्काइट यांनी ध्वनिक्षेपकाऐवजी दूरध्वनी उचलला आणि चौकशी सुरू केली. व्यवस्थापकाने स्वतःच बातमी देऊन टाकली. प्रत्यक्षात आग किरकोळ होती आणि कोणीही मेले नव्हते. नोकरी मात्र क्रॉन्काइट यांची गेली.

८/
१९३७ मध्ये ते ‘युनायटेड प्रेस’ या वृत्तसंस्थेत दाखल झाले आणि त्यांची खरी शाळा सुरू झाली. वृत्तसंस्थेची बातमी शेकडो वृत्तपत्रे जशीच्या तशी छापत. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या आधी बातमी देणे आणि ती अचूक देणे, अशी दुहेरी कसोटी तिथे रोजच असे. चुकीची दुरुस्ती शेकडो गावांत पोहोचवावी लागे. पुढे पडद्यावर दिसलेला संयम या टेलिप्रिंटरच्या खडखडाटात घडलेला होता.

९/
दुसऱ्या महायुद्धात ते युद्धवार्ताहर झाले. २६ फेब्रुवारी १९४३ रोजी जर्मनीतील विल्हेल्म्सहाफेनवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात काही वार्ताहर विमानांतून सोबत गेले, त्यांत ते होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे रॉबर्ट पोस्ट त्या मोहिमेतून परतले नाहीत. सप्टेंबर १९४४ मध्ये क्रॉन्काइट छत्रीसैनिकांबरोबर ग्लायडरमधून हॉलंडमध्ये उतरले. युद्धानंतर त्यांनी न्यूरेंबर्ग खटल्याचे वार्तांकन केले आणि मॉस्कोत वृत्तसंस्थेचे काम पाहिले.

१०/
युद्धकाळातच सीबीएसचे विख्यात नभोवाणी वार्ताहर एडवर्ड मरो यांनी त्यांना आपल्याकडे बोलावले होते. तेव्हा क्रॉन्काइट यांनी नकार दिला. अखेर १९५० मध्ये ते सीबीएसमध्ये आले. दूरचित्रवाणी अजून बाल्यावस्थेत होती आणि नामवंत नभोवाणी पत्रकार तिला काहीसे कमी लेखत. हे नवे माध्यम मनापासून स्वीकारणाऱ्या थोड्या पत्रकारांत क्रॉन्काइट होते.

११/
१९५२ मध्ये रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक या दोन्ही पक्षांची अधिवेशने शिकागोत भरली. सभागृहात विखुरलेल्या वार्ताहरांकडून येणारी माहिती एका जागी बसून गुंफण्याचे काम क्रॉन्काइट यांच्याकडे होते. या भूमिकेला ‘अँकर’ हा शब्द चिकटला. येथेच पहिली दंतकथा जन्मली : हा शब्द त्यांच्यासाठीच प्रथम घडवला गेला आणि स्वीडनमध्ये तर वृत्तनिवेदकाला त्यांच्या नावावरून ‘क्रॉन्काइटर’ म्हणतात!

१२/
वस्तुस्थिती अशी : रिले शर्यतीत शेवटचा टप्पा धावणाऱ्या भरवशाच्या धावपटूला इंग्रजीत हा शब्द आधीपासूनच होता. १९४८ मध्ये एनबीसीच्या एका प्रश्नमंजूषेतील कायम सदस्य जॉन कॅमरून स्वेझी यांच्यासाठीही तो वापरला गेला. १९५२ ने त्याला लोकप्रियता दिली, जन्म नव्हे. स्वीडिश ‘क्रॉन्काइटर’ तर भाषेच्या अभ्यासकांना शोधूनही सापडला नाही. तरीही २००९ मध्ये क्रॉन्काइट यांच्या मृत्युलेखांत तो पुन्हा अवतरला.

१३/
पुढची काही वर्षे संमिश्र गेली. १९५४ मध्ये सकाळच्या एका कार्यक्रमात त्यांना शार्लमेन नावाच्या सिंहाच्या बाहुलीशी गप्पा माराव्या लागत. त्याच काळातला ‘यू आर देअर’ हा कार्यक्रम मात्र इतिहासप्रेमींनी लक्षात ठेवावा असा. सॉक्रेटिसचा खटला, गॅलिलिओ, जोन ऑफ आर्क अशा प्रसंगांचे जणू आजच्या वार्ताहराने वार्तांकन करावे, तसे नाट्यरूपांतर त्यात असे. सूत्रधार होते क्रॉन्काइट.

१४/
या कार्यक्रमाचे अनेक भाग लिहिणारे अब्राहम पोलोन्स्की, वॉल्टर बर्नस्टीन आणि अर्नोल्ड मॅनोफ हे तिघेही कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काळ्या यादीत टाकलेले लेखक होते. त्यांचे लेखन दुसऱ्यांच्या नावावर प्रसारित होई. मॅकार्थीच्या अमेरिकेत विचारांसाठी शिक्षा भोगलेल्यांच्या कथा घराघरांत पोहोचल्या, त्या अशा मार्गाने. वर्तमानाविषयी बोलता येत नसे, तेव्हा इतिहास बोलत होता.

१५/
१६ एप्रिल १९६२ रोजी डग्लस एडवर्ड्स यांच्या जागी क्रॉन्काइट सायंकाळच्या बातमीपत्रावर आले. बातमीपत्र तेव्हा अवघे १५ मिनिटांचे होते. २ सप्टेंबर १९६३ पासून ते अर्ध्या तासाचे झाले आणि पहिल्याच दिवशी केनेडी यांची मुलाखत दाखवली गेली. ती मुलाखत व्हिएतनामविषयीच्या उत्तरांसाठी आजही उद्धृत होते. तीन महिने पूर्ण होण्याच्या आत त्याच केनेडींच्या निधनाची बातमी क्रॉन्काइट यांना द्यावी लागली.

१६/
क्रॉन्काइट यांनी स्वतःसाठी आणखी एक पद मागून घेतले होते : बातमीपत्राचे ‘व्यवस्थापकीय संपादक’. लिहून दिलेला मजकूर वाचणारा आणि कोणती बातमी जाईल, किती जाईल, कोणत्या शब्दांत जाईल हे ठरवणारा यांत जो फरक आहे, तो या पदनामात होता. पडद्यावरील चेहऱ्यामागे वृत्तसंस्थेतला जुना संपादक बसलेला असे.

१७/
तरीही सुरुवातीपासून ते अव्वल होते, हा समज चुकीचा आहे. १९६० च्या दशकात बराच काळ एनबीसीच्या चेट हंटली व डेव्हिड ब्रिंकली या जोडीला अधिक प्रेक्षक होते. १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक अधिवेशनासाठी तर सीबीएसने क्रॉन्काइट यांना बाजूला सारून रॉबर्ट ट्राउट व रॉजर मड यांना बसवले. हंटली १९७० मध्ये निवृत्त झाल्यानंतर सीबीएसची आघाडी निर्विवाद झाली.

१८/
आता सर्वांत प्रसिद्ध दंतकथा. जानेवारी १९६८ च्या अखेरीस व्हिएतनाममध्ये ‘टेट’ आक्रमण झाले. युद्ध जिंकत आलो आहोत, असे अमेरिकी सरकार सांगत असताना शत्रू सायगावमधील अमेरिकी दूतावासाच्या आवारात शिरला. फेब्रुवारीत क्रॉन्काइट स्वतः व्हिएतनामला गेले, ह्यूची लढाई पाहिली, सेनाधिकाऱ्यांशी बोलले. हे युद्धविरोधक नव्हते, हे ध्यानात घ्यावे. आरंभीची काही वर्षे त्यांनी सरकारी भूमिकेवर बराच विश्वास ठेवला होता.

१९/
२७ फेब्रुवारी १९६८ च्या रात्री त्यांचा विशेष कार्यक्रम प्रसारित झाला. शेवटी त्यांनी सांगितले, की आता जे बोलणार आहे ते व्यक्तिगत मत आहे. मत असे : हे युद्ध कोंडीत अडकले आहे आणि विजेते म्हणून नव्हे, तर दिलेला शब्द पाळण्याचा प्रयत्न केलेले सन्माननीय लोक म्हणून वाटाघाटी करणे हाच शहाणा मार्ग आहे. बातमी आणि मत यांच्यामध्ये त्यांनी उघडपणे रेषा आखली आणि मगच ती ओलांडली.

२०/
दंतकथा पुढे सांगते : अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी कार्यक्रम पाहिला, दूरचित्रवाणी संच बंद केला आणि म्हणाले, क्रॉन्काइट गेला म्हणजे मध्यमवर्गीय अमेरिका हातची गेली. महिन्याभरात, ३१ मार्चला, त्यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याची घोषणा केली. एका वृत्तनिवेदकाने युद्ध फिरवले आणि अध्यक्षाला घरी बसवले! पत्रकारितेच्या वर्गांत ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली.

२१/
माध्यम-इतिहासकार डब्ल्यू. जोसेफ कॅम्पबेल यांनी ती तपासली. कार्यक्रम चालू असताना जॉन्सन व्हाइट हाउसमध्ये नव्हतेच. ते टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये गव्हर्नर जॉन कॉनली यांच्या ५१ व्या वाढदिवसाच्या समारंभात होते आणि ५१ म्हणजे साधे बहुमत, असा विनोद करत होते. नंतर त्यांनी चित्रफीत पाहिल्याचा पुरावाही हाती लागत नाही. त्यांच्या तोंडी घातलेले वाक्य तर निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळे आहे.

२२/
शिवाय जनमत आधीच सरकत होते. ऑक्टोबर १९६७ च्या गॅलप पाहणीतच सैन्य पाठवणे चूक होती असे म्हणणारे ४७ टक्के होते, तर चूक नव्हती असे मानणारे ४४ टक्के. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९६७ मध्येच युद्धकोंडीचे वृत्त दिले होते. १२ मार्च १९६८ ला न्यू हॅम्पशायरमध्ये युजीन मॅकार्थी यांनी जॉन्सन यांना अनपेक्षित टक्कर दिली. निर्णयामागे अशी अनेक कारणे होती. क्रॉन्काइट यांच्या शब्दांना वजन होते. पण त्यांनी लाट निर्माण केली नाही, आलेल्या लाटेला नाव दिले.

२३/
‘अमेरिकेतील सर्वाधिक विश्वासार्ह माणूस’ या बिरुदाचीही अशीच कथा. १९७२ मध्ये ऑलिव्हर क्वेल यांच्या संस्थेने एक जनमत चाचणी घेतली. तीत क्रॉन्काइट ७३ टक्क्यांनी सर्वांत पुढे होते. मात्र यादीतील इतर नावे निक्सन, हम्फ्री, मस्की अशा राजकारण्यांची होती. व्हिएतनामने पोळलेल्या मतदारांसमोर राजकारणी आणि एक वृत्तनिवेदक ठेवल्यावर कौल कोणाकडे जाणार, हे उघड होते. जाहिरातींनी पुढचे काम केले.

२४/
दंतकथा झडल्या की माणूस लहान होतो का? उलट त्याचे खरे काम दिसू लागते. ऑक्टोबर १९७२ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, बहुतेक माध्यमे वॉटरगेट प्रकरणाकडे दुर्लक्ष करत होती. क्रॉन्काइट यांनी २७ ऑक्टोबरला बातमीपत्रातील सुमारे १४ मिनिटे त्यालाच दिली. निक्सन यांचे सहकारी चार्ल्स कोल्सन यांनी सीबीएसचे प्रमुख विल्यम पेली यांच्याकडे तक्रार केली. ३१ ऑक्टोबरचा दुसरा भाग कापून सुमारे ८ मिनिटांवर आणला गेला. दबाव आला, तो अंशतः यशस्वी झाला, पण बातमी गेली.

२५/
१९७७ चेही तसेच. १४ नोव्हेंबरला क्रॉन्काइट यांनी उपग्रहाद्वारे इजिप्तचे अन्वर सादात आणि इस्रायलचे मेनाकेम बेगिन यांच्या स्वतंत्र मुलाखती घेतल्या; १९ नोव्हेंबरला सादात जेरुसलेमला पोहोचले. ‘क्रॉन्काइटने शांतता घडवली’ असे म्हटले गेले. परंतु इस्रायली संसदेत जाण्याची तयारी सादात यांनी ९ नोव्हेंबरलाच आपल्या संसदेत जाहीर केली होती. प्रश्न विचारून दोघांचे उत्तर जगासमोर नेमके करून घेणे, हे श्रेय मात्र क्रॉन्काइट यांचेच.

२६/
हा विश्वास एका विशिष्ट काळाचाही होता. देशात तीनच मोठ्या वाहिन्या होत्या आणि बातम्यांची वेळ ठरलेली होती. जून १९८० मध्ये चोवीस तास बातम्या देणारे सीएनएन सुरू झाले. ६ मार्च १९८१ रोजी क्रॉन्काइट यांनी शेवटचे बातमीपत्र दिले आणि डॅन रादर यांच्याकडे सूत्रे गेली. १७ जुलै २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. तोपर्यंत दुजोऱ्याची वाट पाहण्याइतका वेळ कोणाकडेच उरला नव्हता.

२७/
रोजचे बातमीपत्र ते एका ठरावीक वाक्याने संपवत : ‘आणि हे सारे असे आहे’. सीबीएस वृत्तविभागाचे प्रमुख रिचर्ड सॅलंट यांना हे वाक्य खटके. आपण सांगितले ते सगळे बिनचूकच आहे, असा दावा त्यातून होतो, असे त्यांचे म्हणणे होते. आक्षेप रास्तच होता.

२८/
पण त्या वाक्याला क्रॉन्काइट न विसरता एक शेपूट जोडत : त्या दिवसाचा वार आणि तारीख. ‘असे आहे’, पण आजच्या तारखेपर्यंत हाती आलेल्या माहितीनुसार. उद्या नवा कागद येईल, तेव्हा उद्याची तारीख. डलासच्या बातमीतील ‘असावी असे दिसते’ आणि बातमीपत्राखालची ही तारीख, दोन्हींत एकच शिस्त आहे. इतिहास वाचणाऱ्याला आवडत्या गोष्टीवर आणि आवडत्या माणसावरही ती लावता आली पाहिजे.